सार्वजनिक विहिरीपासूनचं अंतर

“तू नको धरू. तू लांब ऱ्हा.”

सरपंचांनी हे माझ्या वडिलांना सांगितलं. मोजणीच्या दिवशी, गावाच्या विहिरीवर. सर्कलसाहेबांच्या शिपायाने टेपचं टोक कठड्यावर धरायला बाबांच्या हातात दिलं होतं. शिपाई भिवंडीहून आलेला, त्याला काय माहीत. बाबांनी टोक खाली ठेवलं आणि चार पावलं मागे सरकले. सवयीने. मग सरपंचांचा गडी आला, कठड्यावर पाय देऊन उभा राहिला आणि टेप धरली. कुणालाच काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं, पण मीही गप्प राहिले. त्याची लाज अजून जात नाही.

गावाच्या विहिरीपासून आमची विहीर किती लांब, ते मोजायचं होतं.

आमची विहीर आईबाबांनी खणलेली, बौद्धवाड्यात, घरामागच्या दहा-बारा गुंठ्यांत. भात निघाल्यावर तिच्यावर वाल, मिरची व्हायची. नव्वद सालानंतर शेजारचा वरकस तुकडा सरकारने बाबांच्या नावावर केला. निव्वळ गवत आणि दगड. दोन उन्हाळे आम्ही दगडच वेचले. मग त्यात भेंडी लावली आणि आमच्याच विहिरीचं पाणी इंजिन लावून तिकडे नेलं. मी तेव्हा भिवंडीत लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायचे. भेंडी उभी राहिली की मी कारखाना सोडायचा, घरी यायचं आणि शेती बघायची, असं ठरलं होतं. बाबा म्हणायचे, “यंदा तुझी शेवटची शिफ्ट.”

तेवढ्यात नवा कायदा आला. टंचाई जाहीर झाली की पिण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ठरावीक हद्दीच्या आतला उपसा सरकार थांबवू शकतं. कायदा वाईट होता असं मी आजही म्हणत नाही. आधी माणसांनी प्यावं, मग पिकाने. पण त्या उन्हाळ्यात सरपंचांनी आमच्या विहिरीची तक्रार दिली आणि आमच्या गावात तो एकाच घराला लागला.

टेप पुढे सरकत होती. वाटेत सरपंचांची बोअर लागली. तिचं पाणी त्यांच्या वीटभट्टीवर जायचं, चिखल मळायला. टेप तिच्या अंगावरूनच गेली.

बाबा हळूच म्हणाले, “सायब, ही बोअर तर आमच्याहून जवळ हाय.”

“तक्रार तुमच्या विहिरीची आहे,” सर्कलसाहेब म्हणाले. “त्यांच्या बोअरची आली की तीही मोजू.”

सरपंच हसले. आमची विहीर हद्दीच्या आत भरली. साहेब बाबांना समजावल्यासारखं बोलले, “जुन्या जमिनीला पाणी घ्या. वाढीव जमिनीला नाही.”

तलाठीभाऊसाहेबांनी आमच्या ओट्यावर बसून पंचनामा लिहिला. शाईची डबी उघडून बाबांसमोर धरली. “अंगठा.”

आणि इथे बाबा फसले. म्हणजे मी तरी तसं म्हणते. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात ते नुकतेच सही शिकले होते. ते ताठ बसले. म्हणाले, “अंगठा न्हाय भाऊसाहेब. मला सही येते.” त्यांनी पेन मागून घेतलं आणि एकेक अक्षर जपून काढत नाव लिहिलं. सरपंचांनी बघावं म्हणून कागद थोडा तिरका धरला. सही करायची म्हणजे आधी वाचायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. मी आत पाणी आणायला गेले होते, दारातून हे दिसत होतं. बाहेर आले तेव्हा शाई वाळत होती.

साक्षीदार म्हणून भाऊसाहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला. मी वाचला. ‘गावची सदर विहीर सार्वजनिक असून सर्व ग्रामस्थ तिचे पाणी पितात. मोजणी मान्य आहे. वाढीव क्षेत्रास पाणी देणार नाही.’

सर्व ग्रामस्थ. माझी आजी त्या विहिरीवर तासन् तास उभी राहायची. कुणाला दया आली तर लांबून, वरून ओतायचं. नाही आली तर रिकामी कळशी. म्हणून तर बाबांनी घरामागे कुदळ मारली. आमच्यात आणि त्या विहिरीत किती अंतर आहे, हे टेप लावून सांगायची गरज नव्हती.

मी म्हटलं, “हे खोटं आहे. आम्ही ते पाणी पीत नाही. आम्हाला पिऊ देत नाहीत. ते लिहा, मग सही करते.”

“असं लिहिता येत नाही, बाई.”

“मग ‘सर्व’ काढा.”

सर्कलसाहेब घड्याळ बघायला लागले. सरपंच बाबांना म्हणाले, “पोरीला आवर तुझ्या. कारखान्यात जाऊन लई बोलाया शिकली.” बाबा खाली बघत होते. मी सही केली नाही. भाऊसाहेबांनी लिहिलं, ‘साक्षीदाराने नकार दिला.’ त्याने काहीच अडलं नाही. बाबांची सही पुरेशी होती.

इंजिनाचा पाइप काढून नेला. भेंडीला फुलं लागली होती. आई कळशीने घालत राहिली, तर दुसऱ्या दिवशी कोतवाल सांगायला आला की तेही चालणार नाही. आठ दिवसांत वाफे जळाले. मी प्रांतांकडे अर्ज घेऊन गेले. तिथल्या कारकुनाने बाबांच्या सहीवर बोट ठेवलं आणि अर्ज परत दिला. मी पुन्हा कांड्या भरायला लागले. बाबांनी त्यानंतर कशावरही सही केली नाही, रेशनला सुद्धा अंगठाच.

पंचनाम्याची नक्कल मी मागून घेतली होती. पुढच्या सुट्टीला सकाळी मी ती पदरात बांधली आणि आजीची कळशी घासायला घेतली. बाबांनी ओळखलं.

“नको गं. आपल्याला याच गावात ऱ्हायचंय.”

“म्हणूनच जाते,” मी म्हटलं.

पिकाचं पाणी त्यांनी कायद्याने तोडलं. मी तोडू दिलं, कारण माझ्या हातात काही नव्हतं. पण सरकारच्या कागदावर मला त्या विहिरीचं पाणी पाजलंय. ते मी आता खरं करणार. पोहरा माझ्या हाताने सोडणार, कठड्यावर पाय देऊन. आज हाकललं तर उद्या. उद्या हाकललं तर रोज.