पावसाच्या पाण्यातली पऱ्हाटी

कापसाला सोन्याचा भाव आला त्या दिवसांत तेल्हाऱ्याच्या एका शेटजींना साक्षात्कार झाला, की कापूस हेच आपलं कुलदैवत. नव्या दिवाणखान्यात त्याची तसबीर हवी म्हणून त्यांनी मुंबईहून चित्रकार आणवला. हा गृहस्थ कुंचल्यानं चित्र काढत नसे. कागदावर चांदीच्या क्षाराचं पाणी फिरवायचं, वर फांदी ठेवून काच दाबायची आणि उन्हात ठेवायचं. पुढचं ऊन बघून घेतं, असं तो म्हणे. मी शाळामास्तर. असली वाक्यं मी पुष्कळ ऐकली होती.

पहिल्या दिवशी त्यानं विहिरीच्या पाण्यात क्षार टाकला आणि पाणी ताकासारखं पांढरं झालं. दुसऱ्या दिवशीही तेच. आता डबीत चिमूटभर उरला होता. तो वाया गेला की त्याची परतीची बैलगाडी जुंपलीच म्हणायची. शेटजींनी मुहूर्ताला दोष दिला.

शेजारच्या मळ्यातली माळीण कुंपणापलीकडून बघत होती. "मास्तर, त्यायले सांगा ना. या खाऱ्या पान्यात आमची दाय शिजत नाई, त्यायची चांदी काय इरघयन?"

आमच्याकडे डाळीपुरतं पावसाचं पाणी रांजणात जपून ठेवतात. माघ लागला होता, तिच्या रांजणाचा तळ दिसत होता. तरी तिनं तांब्याभर आणलं. "घ्या भाऊ. आमी बेसनावर भागवू."

क्षार पडला. पाणी नितळ राहिलं.

अंधाऱ्या कोठीत कागद माखून सुकवला, अंगणात पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, फांदी काचेखाली ठेवली. भोवतीचा कागद जांभळट, मग तपकिरी होत गेला. फांदी उचलली. पानाची शीर न् शीर उमटली होती. सूर्याला जन्मभर नमस्कार घातले. त्याचं हस्ताक्षर त्या दिवशी पाहिलं.

"याच्यात माहं नाव कुठी येईन?" शेटजींनी विचारलं.

चित्रकारानं चित्र औषधात बुडवून पक्कं केलं. वाटीत थोडं चांदीचं पाणी उरलं होतं. त्यानं तळहाताएवढा कागद माखला आणि माळिणीला म्हणाला, "बाई, तुमच्या मळ्यातलं काही आणा."

तिनं कोथिंबिरीची काडी आणली. तीही उमटली. माळीण कितीतरी वेळ एकदा हातातल्या काडीकडे, एकदा कागदाकडे बघत राहिली.

"काडी तं माह्या हातात हाय. मंग कागदावर हे कोन्तं राह्यलं, मास्तर?"

मी चित्रकाराकडे पाहिलं. तो तिचा रिकामा तांब्या दोन्ही हातांनी परत देत उभा होता.