हलीमाच्या लेकीची ओटी

अक्का,

धुळ्याच्या एसटी स्टँडवर मला पोचवायला तू आणि आई आला होतात. सत्त्याऐंशी साल. यांची नोकरी लंडनला, म्हणून मीही निघाले. खिडकीशी येऊन आई एवढंच म्हणाली, "दुसरासना घरमा नाक खुपसू नको, बेटा." मी मान डोलावली.

इथं शेजार मिळाला हलीमाचा. ती सोमालियाची. इंग्रजी दोघींचंही मोडकं, पण कोथिंबीर संपली की दार तिचंच वाजवायचं. तिला दोन मुली. थोरली दहा वर्षांची, माझी तिखटजाळ शेवभाजी नाक पुसत पुसत खायची.

एका उन्हाळ्यात हलीमा म्हणाली, "थोरलीला आजीकडे नेते. मोठा कार्यक्रम आहे, आता ती बाई होणार." मला वाटलं, आपल्याकडे मुलगी शहाणी झाली की करतात तसंच काहीतरी. लवकर झाली बिचारी, एवढंच मनात आलं. मी हौसेनं तिची ओटी भरली. तांदूळ, खोबऱ्याची वाटी, हिरव्या बांगड्या, नवा फ्रॉक. काय अक्कल माझी!

पोर परत आली. जिना चढताना कठडा धरायची. हलीमानंच सांगितलं, तिकडच्या रीतीप्रमाणे तिचं अंग खालून कापून शिवलं होतं. "नाहीतर हिच्याशी लग्न कोण करेल?" ती दुष्ट नव्हती गं. तिचंही लहानपणी तेच झालं होतं.

पुढं दवाखान्यातल्या गोऱ्या नर्सनं वस्तीतल्या हॉलमध्ये यावर बायकांची सभा बोलावली. एक सोमाली म्हातारी म्हणाली, "माझ्यावर झालं, नातीवर होऊ देणार नाही." दुसरी कडाडली, "गोऱ्यांनी आम्हाला शिकवू नये!" आपल्या बायका पुटपुटल्या, "त्यांचं ते बघतील." मलाही आईचं बोलणं आठवलं. पण येत्या सुट्टीत धाकटीचा नंबर होता. मी उठले. "हलीमा, धाकटीला नेलंस तर मी पोलिसांत जाईन." सगळ्यांदेखत बोलले.

धाकटीला तिनं नेलं नाही. माझ्याशी बोलणंही टाकलं. चार वर्षं झाली. थोरलीही माझ्याकडे येत नाही.

तू लिहितेस, कंटाळा आला असेल तर घरी निघून ये. येईन गं चार दिवस. पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा त्या सभेत उठेन, त्याचा पस्तावा नाही. पण जिन्यात हलीमानं तोंड फिरवलं की मला दिवसभर घास उतरत नाही. परक्या माणसासाठी एवढं कुणाला होतं? माझं घर आता इथंच झालंय, अक्का.