खळीची वाटी

हे मी आजपावेतो कोणाजवळ बोलली नाही. बहिणीजवळ नाही, देवाजवळ तं मुळीच नाही — त्याले माहीतच असन म्हणून टाळलं. तुम्ही घरचे नाही, म्हणून तुम्हाले सांगून राहिली. मधात टोकू मात्र नका. एकदा थांबली तं पुन्हा तोंड उघडणार नाही.

नागपूर राजधानी होतं तेव्हाची गोष्ट. माह्या पायाच्या अंगठ्याले जखम झाली, ते काही केल्या भरेना. तहान तं अशी लागे का विचारू नका. पोरगा, माहा केशव, मले टांग्यात बसवून धंतोलीच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरनं काचेच्या नळीत लघवी घेतली, निळं औषध टाकलं, दिव्यावर उकळली. निळ्याची झाली विटकरी! म्हणे, बाई, साखरेची बिमारी आहे. भात बंद. भाकर, पोळी, बटाटा, गूळ — सगळं बंद. ताक प्या, पालेभाजी खा, अंडी खा, मटण खा. अन् साखर उतरली नाही तं अंगठा कापावा लागन.

मी मनात काय म्हटलं असन? अंगठा गेला तं जाऊ दे, माहा भात काहून गेला बापा!

माही सून देवका, खाप्याची. तिनं डॉक्टरचा शब्द असा धरला का जसा तिच्याच पायाले फोड आला. सकाळी मेथी, संध्याकाळी चवळी, दुसऱ्या दिवशी दोडका, अन् वरून ताक. पाहावं तिकडे हिरवंच हिरवं — बकरी झाली होती माही, बकरी! मले वास येऊ नये म्हणून तिनं घरात भात रांधणंच सोडलं. तिचा जीव भातावर, पण तीही भाकर खाय, तेही मांगच्या खोलीत, माह्याकडे पाठ करून. तांदळाच्या कोठीले कुलूप लावलं अन् किल्ली कमरेले खोचली. चारचौघांत मीच म्हटलं होतं तिले, की किल्ली तूच ठेव वं, माहा काही भरोसा नाही.

मंग एवढं करूनही साखर उतरली काहून नाही? हेच विचारून राहिले ना तुम्ही? सांगते. थांबा जरा — हे सोपं नाही.

आमचं घर कोष्ट्याचं. मागावर लुगडी विणायची अन् गांधीबागेच्या कापडबाजारात नेऊन द्यायची. विणायच्या आधी ताण्याले, म्हणजे उभ्या सुताले, खळ लावा लागते, म्हणजे सूत तुटत नाही. ते खळ तांदळाच्या कणीची. पहाटेच कणी शिजवून, घोटून, घट्ट पेज करायची, तिच्यात थोडं तेल टाकायचं अन् गल्लीत ताणा पसरून कुंच्यानं फिरवायची. खळ शिजवणं हे घरातल्या मोठ्या बाईचं काम — म्हणजे माहं. अन् तिची कणी कोठीत नाही राहत, मागाच्या खोलीत राहते. खळ हे सुताचं, माणसाचं नाही. आमच्यात कोणी तिले अन्न म्हणतच नाही. डॉक्टरनं खोदून खोदून विचारलं, काय काय खाता, तेव्हा केशवले नाही सुचलं, देवकाले नाही सुचलं.

मले सुचलं होतं. तेल टाकायच्या आधी मी वाटीभर काढून घेत होती. वरून मीठ, अन् लोणच्याचा खार. उभ्या उभ्या, चुलीकडे तोंड करून खाऊन घ्यायची. रोज.

पुन्हा धंतोली, पुन्हा तेच विटकरी. त्याच्या पुढच्या खेपेलेही विटकरी. देवका सोबत आली होती, डॉक्टर तिच्यावर खेकसला, बाई, तुम्ही सासूले काय खाऊ घालून राहिल्या? केशव घरी आला, तिच्या कमरेची किल्ली ओढली अन् ओरडला, "माह्या मायले मारून राहिली का वं?" किल्ली माह्या ओटीत टाकली. कुलूप तिच्या हातात, म्हणजे खाऊ घालणारी तीच — हिशेब सरळ होता ना!

तिनं माह्याकडे पाहिलं. नवऱ्याकडे नाही, माह्याकडे. मी काय केलं? अंगठ्याची पट्टी सोडली अन् पुन्हा बांधली. तेही नीट बांधता आली नाही.

दुसऱ्या दिवशी तिले खाप्याले, माहेरी धाडून दिलं. गल्लीतल्या बाया मले भेटाले येत, माही कीव करत, तिले नावं ठेवत. अन् मी? ऐकून घेत होती. डोळ्याले पदरही लावला एकदा. लाज कशी वाटली नाही मले, सांगा!

थोड्या दिवसांनी तिच्या भावानं हातापाया पडून तिले आणून सोडलं. दुसऱ्याच पहाटे ती माह्या आधी उठली. "आत्याबाई, खळ आता मी करीन. तुमचा पाय चुलीजवळ नको." मले राग आला असा! ती विहिरीवर गेली तशी मी वाटी बुडवली. तोंडात घातली अन् थुंकली. कडू जहर! कडुनिंबाचा पाला वाटून टाकला होता तिनं. मांगे पाहिलं तं बादली घेऊन दारात उभी.

"खळीले कीड लागते, आत्याबाई," एवढंच म्हणाली. माह्या हातातली वाटी घेतली, धुतली अन् पालथी घातली.

तिले माहीत होतं. नवऱ्याले तिनं सांगितलं नाही. काहून? ते मले आजही समजलं नाही, अन् विचारायची हिंमत नाही.

पुढच्या खेपेले नळीतलं पाणी निळंच राहिलं. डॉक्टर खूश. अन् केशव घरी येऊन मोठ्यानं काय म्हणाला? "पाहा, किल्ली हिच्याजवळून काढली अन् साखर उतरली!" आता तं पुरावाच झाला! तेव्हा तरी बोलायचं होतं मी. एक वाक्य. देवका तिथंच मेथी निवडून राहिली होती. तिनं मेथीची दुसरी जुडी घेतली, अन् मी किल्ली कमरेले नीट खोचली.

अंगठा वाचला. हा पाहा, नखही आलं नवीन.

किल्ली अजून माह्याच कमरेले आहे. घरात आता पुन्हा भात होते, त्याचे तांदूळ देवका रोज माह्याकडून मागून घेते. अन् माहं ताट वाढलं का आधी नवऱ्याले नेऊन दाखवते, पाहा, याच्यात भात नाही म्हणून, मंग माह्यापुढे ठेवते. तो आता पाहतही नाही, नुसती मान हलवतो. काल तिच्या पोरीनं विचारलं, आई, तू आजीचं ताट बाबाले काहून दाखवते? देवका म्हणाली, आपल्या घरची रीत आहे.

मी तिथंच बसली होती. ताट पुढे आलं. मी जेवली.