हँडलाएवढी फट

बेबीवहिनी गेल्याचं मला माझ्या नवऱ्याने फोनवर सांगितलं. मी शाळेच्या स्टाफरूममध्ये पेपर तपासत बसले होते. "वैनी गेली," तो म्हणाला, आणि मी खुर्चीचा हात धरेपर्यंत पुढचं वाक्य आलंसुद्धा. "तुझ्या मोबाइलमध्ये तिचा एखादा चांगला फोटो हाय का? साडीतला? फ्लेक्सवाला थांबलाय." धक्का बसला की माणूस काहीबाही बोलतो, असं मला आधी वाटलं. तसं नव्हतं. आमच्या बोनकोड्यात माणूस गेलं की चौकात फ्लेक्स आधी लागतो, रडणं मागून येतं.

फोटो होते, ढिगाने होते. साडीतला एकही नव्हता. माझ्या मोबाइलमधली वहिनी डोक्यावर हेल्मेट घातलेली, ओढणी कमरेला गच्च बांधलेली, गुडघ्यापर्यंत मातीने माखलेली आणि बहुतेक फोटोंत कुणावर तरी ओरडणारी आहे. त्यातल्या त्यात हसरा एक पाठवून दिला. संध्याकाळी चौकात बघते तर फ्लेक्सवाल्याने हेल्मेट उतरवून तिला अंबाडा घातला होता, हिरवी साडी नेसवली होती, रुपयाएवढं कुंकू लावलं होतं. हनुवटीखालचा हेल्मेटचा काळा पट्टा तेवढा पुसायचा राहिला होता. खाली 'शोकाकुल' म्हणून घरातल्या सगळ्या पुरुषांची नावं, गॉगलवाल्या फोटोंसकट. शेजारची एक म्हातारी त्या पट्ट्याकडे बोट दाखवून म्हणाली, "अगो, पोत बग कशी वर सरकलीय." मला हसू आलं. आणि मग हसू आल्याचाच इतका संताप आला की मी तिथून निघून गेले.

बेबीवहिनी म्हणजे माझी थोरली जाऊ. मी लग्न होऊन पेणकडून या घरात आले तेव्हा इथली शेती संपली होती. जमिनी शहरासाठी गेल्या होत्या आणि घरातले पुरुष प्लॉट, बांधकाम, भाडी यांत पडले होते. वहिनी माझ्या आधी बरीच वर्षं आलेली. तिने सासूबाईंच्या मागून डोंगरावर लाकडं आणली होती, बांधाबांधाने खाडीपर्यंत चिंबोऱ्या धरायला गेली होती. मग गॅस आला, बिल्डिंग उभी राहिली, लिफ्ट आली, आणि बायकांची घरात बसायची सोय झाली. 'सोय' हा भावजींचा शब्द. भावजी म्हणजे माझे थोरले दीर, वहिनीचा नवरा. माणूस वाईट नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे तसं वाटणार आहे.

सायकल तिच्या मुलाची. ग्रॅव्हल बाइक म्हणतात तसली, म्हणजे हँडल शर्यतीच्या सायकलसारखं खाली वळवलेलं, पण टायर जाड आणि खरबरीत, खडीवर, मुरमावर, शेताच्या बांधावर चालणारी. मुलगा नोकरीला कॅनडात गेला आणि सायकल गॅलरीत उभी राहिली. वहिनी तिच्यावरची धूळ पुसायची, तिच्यावर कुणाला कपडे वाळत घालू द्यायची नाही. आणि एका दुपारी, सगळी बिल्डिंग झोपलेली असताना, गाऊनवरच खाली पार्किंगमध्ये घेऊन गेली. पडली, गुडघा फोडून घेतला, वर आली आणि मला म्हणाली, "सुने, तू पन शीक. एकटीला पडायला मजा येत नाय." सुनीताची 'सुनी' मला माहेरीही कुणी केली नव्हती. मी चाळिशी ओलांडलेली शिक्षिका, आणि एक जुनी सायकल विकत घेऊन तिच्यामागून पार्किंगच्या खांबांना प्रदक्षिणा घालत सायकल शिकले.

आमचं शहर डोंगर आणि खाडी यांच्या मधल्या पट्टीत दाटीवाटीने बसलेलं आहे. नकाशात बघितलं तर सगळे रस्ते सरळ, सेक्टर आखलेले. वहिनीला त्या नकाशाशी देणंघेणं नव्हतं. टॉवरच्या मागून, नाल्याच्या कडेने, बंद पडलेल्या खाणींच्या धुळीतून ती अशा काही वाटा काढायची की मी आ वासून बघत राहायचे. त्या तिने शोधलेल्या नव्हत्या, तिला पायांनी माहीत होत्या. नावंही तिचीच. 'आयची वाट' म्हणजे सासूबाई लाकडाला जायच्या ती, 'मावशीचा बांध' म्हणजे जिथे मावशीला साप चावला होता तो. कधी सायकली टेम्पोत टाकून आम्ही करंजाड्याच्या पलीकडच्या मातीच्या रस्त्यांवरही जायचो, पण तिथे ती जरा नरम असायची. "दुसऱ्याच्या गावान हावरटपना करू नये," म्हणायची. निघायच्या आधी टायर अंगठ्याने दाबून बघायची, बाजारात मासळी बघावी तसा. वाशीकडची सायकलवाली मंडळी तिच्या नादाला लागली, हळूहळू रविवारी दहा-बारा जण यायला लागले. त्यांनी तिला एक महागडा एनर्जी बार दिला तर खाऊन म्हणाली, "चिक्कीच हाय ही, कागद तेवरा इंग्लिश." आणि आपली तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी काढून बसली. सोपी बाई नव्हती हं ती. मागे राहणाऱ्याला टोमणे मारायची, वळण चुकलं तर वाटेलाच शिव्या घालायची. पण तिच्यामागून सायकल चालवताना मला माझ्या वयाचा विसर पडायचा, आणि हे सुख मला या घरात दुसऱ्या कुणीही दिलेलं नाही.

तिचा सगळ्यात आवडता फेरा घरापासून घरापर्यंतचा. पहाटे डोंगरावर चढायचं, खाणींच्या वरून आडवं जायचं आणि पावणे गावाच्या मागे, डोंगराच्या पायथ्याला उतरायचं. आल्या वाटेने परत फिरायचं मात्र तिला जमत नसे. "गोल झाला पायजे," म्हणायची, "नायतर फिरलो कशाला?" आता पायथ्याला जिथे उतरायचं तिथे आमच्याच घरचा एक तुकडा होता. वरकस, खडकाळ, सगळ्या जमिनी गेल्या तरी राहिलेला. त्यातून पलीकडे गेलं की मागच्या गल्लीने, एकही ट्रक न भेटता, माणूस घरी पोहोचत असे. तो तुकडा नसेल तर कारखान्यांच्या मोठ्या रस्त्यावरच उतरावं लागतं. तिथे दिवसरात्र टँकर आणि कंटेनर चालतात.

त्या तुकड्यावर भावजींनी गोडाऊन बांधायला काढलं. पाया खणत होते तेव्हा वहिनीने जेवताना विषय काढला. मी वाढत होते, मी ऐकलं आहे. "भिंत घाल, पन मागच्या कोपऱ्यान फट ठेव. सायकलचं हँडल जाईल एवरीच." भावजी हसले. "ठेवतो गो. तुज्यासाठी नाय ठेवनार तं कुनासाठी?" तिने दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, "सांगितलं ना, ठेवतो." मी स्वतः दोनदा त्यांना आठवण करून दिली. दोन्ही वेळा त्यांनी मान डोलावली. भिंत पूर्ण झाली, प्लास्टर झालं, वर काचा लागल्या. फट नव्हती. गोडाऊन भाड्याने घेणाऱ्याला चारी बाजूंनी बंद कंपाउंड हवं होतं म्हणे. "मागून फोडू कधीतरी," भावजी म्हणाले. बायकोची सायकल म्हणजे त्यांच्या लेखी नव्या मोबाइलसारखी हौस, आज आहे, उद्या उतरेल.

वहिनी भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. भिंतीपाशी उतरली, हाताने चाचपून बघितली, आणि एवढंच म्हणाली, "आपल्याच भिंतीला आपन लांबून जायचं." त्यानंतर ती त्या मोठ्या रस्त्याने उतरायला लागली. मी म्हटलं, वहिनी, डोंगरावरूनच परत फिरू, काय बिघडतं? नाही म्हणजे नाही. हट्ट तिचाही होता, मी नाकारत नाही… पण हट्टाला जागा ठेवली असती तर तो जिवावर बेतला नसता.

त्या सकाळी माझी शाळा होती, म्हणून ती एकटी गेली. त्या मोठ्या रस्त्याच्या वळणावर एका टँकरचं मागचं चाक तिच्यावरून गेलं. पेपरात दोन ओळी आल्या, 'सायकलस्वार महिलेचा मृत्यू.' नाव चुकीचं छापलं होतं.

दिवसकार्य होईपर्यंत घरी माणसांची रीघ. मी चहा देत फिरत होते आणि प्रत्येक कोपऱ्यातून एकच ऐकत होते. "सवाष्ण गेली, सोनं झालं." आणि त्याला लागूनच, "पन सायकलनं घात केला हो. या वयान बाईमानसाला कशाला पायजे?" काही जणी माझ्याकडे बघून बोलायच्या, मला कळावं म्हणूनच. भावजी खुर्चीत बसून मान हलवायचे. "सायकलनंच नेली तिला," ते स्वतःही म्हणायला लागले. रोज म्हणायचे, येईल त्याला म्हणायचे, आणि दर वेळी ते जरा जास्त खरं होत जायचं. पहिल्या आठवड्यात मी गप्प राहिले. दुःखात माणसाला काहीतरी धरायला लागतं, म्हटलं. पण ते धरत होते ती माझ्या वहिनीची मान होती. तिचा एकुलता एक आनंद तिच्याच नावावर गुन्हा म्हणून चढवत होते.

महिन्याच्या दिवशी जेवणं झाल्यावर भावजींनी सगळ्यांसमोर सांगितलं की वहिनीच्या स्मरणार्थ कमान उभारायची ठरली आहे. कुठे, तर त्याच गोडाऊनच्या गेटवर. सोनेरी अक्षरांत नाव, दोन बाजूंना दगडी हत्ती. उद्घाटनाला कुणाला बोलवायचं याची चर्चाही सुरू झाली. माझ्या हातात ताटं होती, ती मी खाली ठेवली. म्हटलं, "भावजी, तिने तुमच्याकडं कमान मागितली नव्हती." मी पुढे म्हटलं, "हँडल जाईल एवढी फट मागितली होती. जेवताना मागितली होती, मी वाढत होते. सायकलनं नाय नेली तिला. भिंतीनं नेली." नवऱ्याने माझा दंड धरून मला आत नेलं. बाहेर कुणीतरी म्हणालं, शिकल्याली हाय ना, त्याचा माज. त्या दिवसापासून घरात माझ्याशी कामापुरतं बोलतात. हे छापून आल्यावर तेवढंही बोलणार नाहीत, आणि माझी त्याला तयारी आहे.

कमान व्हायची ती झालीच. मी उद्घाटनाला गेले नाही. परवा रविवारी मात्र सायकल काढली, बऱ्याच दिवसांनी, एकटीने. डोंगरावर चढले, खाणींच्या वरून आडवी गेले आणि पायथ्याला उतरले. भिंतीपाशी थांबून मागे फिरायचं, असं ठरवूनच आले होते. आणि बघते तर मागच्या कोपऱ्यात भिंत फोडलेली. फार नाही, सायकल हाताने धरून नेता येईल एवढीच. विटा ओबडधोबड तुटलेल्या, कडांना अजून प्लास्टर नाही, वरच्या काचा तेवढ्यापुरत्या काढून बाजूला रचलेल्या. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय. मला बरं वाटायला हवं होतं. पण खरं सांगते, तिच्या मयतीतही आला नव्हता इतका राग मला ती फट बघून आला.

आत गोडाऊनच्या पायरीवर भावजी एकटेच बसले होते. रविवार, गोडाऊन बंद, वॉचमनसुद्धा नव्हता. मी सायकल फटीतून आत घेतली. हँडल कुठेही घासलं नाही. त्यांनी मला बघितलं, पण उठले नाहीत. चेहरा असा उतरला होता की दुसऱ्या कुणाचा असता तर मी शेजारी बसले असते. मी विचारलं, "भाडेकरू काय म्हणाला?"

"काय म्हननार?" ते म्हणाले. "जागा आपली हाय."

मग मी ते विचारलं, जे विचारल्याशिवाय मला तिथून जाता येणार नव्हतं. "भावजी, फोडायला किती वेळ लागला?"

त्यांनी हातातल्या किल्ल्या चाळवल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "काय वेल लागतो, सुने… दोन गडी होते. चहा सांगितला होता त्यांना. तो यायच्या आधीच झालं."