तंबोऱ्याची चौथी तार

लग्न होऊन मी अंबरनाथला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आले, त्याच्या दुसऱ्याच वर्षी आमच्या घरात रेडिओवरून वाद सुरू झाला. ह्यांनी हिशेब करून ठेवला होता: दोनशेचा छोटा सेट, त्याच्या वर एक पैसा नाही. मला मात्र उल्हासनगरच्या दुकानातला मोठा, लाकडी पेटीचा सेट हवा होता. त्याची किंमत पावणेपाचशे. ह्यांच्या जवळजवळ तीन पगारांइतकी.

"बातम्या दोन्हींवर सारख्याच येतात," हे म्हणाले.

सासूबाईंना तर दोन्ही नको होते. काशीयात्रेसाठी त्यांनी वर्षानुवर्षं पैसे साठवले होते, आणि घरात असली उधळपट्टी त्यांना मानवत नव्हती.

दुकानदार सिंधी होते. फाळणीत सगळं मागे टाकून आलेले, पण बोलणं मोठं उमदं. आमची कुजबूज ऐकून ते म्हणाले, "साहेब, झगडा कशाला? दोनों घर ले जाओ. आठ दिवस ऐका. पैसे नंतर."

दोन्ही सेट टांग्यातून घरी आले. गच्चीवर एरियलची तार ताणली. पहिल्या संध्याकाळी छोटा लावला. एका बुवांचं गाणं चाललं होतं. सासूबाई स्वयंपाकघरात भाजी चिरत होत्या. त्या विळी आडवी करून उठल्या आणि दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तंबोऱ्याला चार तारा असतात," त्या म्हणाल्या. "मला तीनच ऐकू येतायत. खर्ज कुठे गेला?"

ह्यांनी एरियलची तार काढून मोठ्या सेटला जोडली. सेट तापायला थोडा वेळ लागला. मग खालचा, भरदार षड्ज खोलीभर पसरला. सासूबाई हळूच जमिनीवर बसल्या.

"हा बघ," त्या पुटपुटल्या. "हा आला."

त्या दिवशी आम्हाला प्रथमच कळलं. त्यांचे वडील गवई होते. त्यांनी लेकीला तेराव्या वर्षापर्यंत शिकवलं होतं. सासरी आल्यावर गाणं बंद झालं. ह्यांनासुद्धा ठाऊक नव्हतं!

"आई, तू कधी बोलली नाहीस?"

"विचारलंत कधी कुणी?"

आठव्या दिवशी त्या स्वतः आमच्याबरोबर दुकानात आल्या. पदराची गाठ सोडून त्यांनी काशीचे सगळे पैसे गल्ल्यावर ठेवले. हे म्हणाले, "आई, अगं, काशी?"

"काशीला जाऊन मी ऐकणार घंटाच ना? कमी पडतील ते तू घाल." मग दुकानदारांकडे वळून म्हणाल्या, "मोठा. आणि भाव कमी करा."

ह्यांनी त्यांना तंबोऱ्याची गोष्ट आधीच सांगितली होती. ते हसले. "अम्मा, तुमच्या कानापुढे मी काय बोलू?" पंचवीस रुपये कमी झाले.

पुढच्या महिन्यात सेट नीट चालतोय का ते पाहायला ते आमच्याकडे आले. रेडिओवर एका बुवांचा यमन लागला होता, आणि सासूबाई चक्क मोठ्याने बुवांच्या बरोबरीने गात होत्या. आवाज फाटत होता, श्वास पुरत नव्हता, पण एक अवघड तान त्यांनी घेतली आणि नेमकी समेवर आणून सोडली; बुवा क्षणभर आधीच समेवर येऊन गेले होते. दुकानदार चपला हातात धरून उंबऱ्यातच थांबले. ह्यांनी मांडीवर थाप मारली, "वा!"

सासूबाईंनी रेडिओकडे बोट दाखवलं. "बुवांनी घाई केली," त्या म्हणाल्या, "मी नाही."