सावकाश लिहिलेली चिठ्ठी

माझी ताई केंद्र सरकारच्या अमली पदार्थविरोधी खात्यात तपास अधिकारी होती, असं सांगितलं की लोकांची नजर आधी तिच्या कमरेकडे जाते. पिस्तूल काही दिसत नाही. दिसते ती गुडघेदुखीने बेजार झालेली बाई, चष्मा कपाळावर चढवून तोच घरभर शोधणारी. मग लोक जरा हिरमुसतात. त्यांना पाठलाग हवा असतो. ताईची सुरुवात मात्र एका औषधाच्या दुकानात झाली, आणि त्या दुकानाचा विषय निघाला की ती आजही हळवी होते.

दुकान आमच्या घरापासून चार मिनिटांवर, पोस्टाला लागून होतं. ताई तिथे लागली तेव्हा बावीस वर्षांची होती. उंच, काटकुळी, चालणं-बोलणं सगळं सरळ. बाबा तिला फूटपट्टी म्हणायचे. ते स्वतः चष्म्याच्या कारखान्यात भिंगं घासायचे, त्यामुळे काटेकोर माणूस दिसला की त्यांना भरून यायचं.

दुकान चालवणारे गृहस्थ साठीच्या घरातले. सगळे त्यांना मास्तर म्हणत, कारण औषध हातात ठेवल्यावर ते गिऱ्हाइकाकडून डोस पाठ करून घेत. "जेवणाआधी की नंतर? म्हणून दाखवा बघू." मोठमोठी माणसं शाळकरी पोरांसारखी म्हणून दाखवायची.

मास्तरांनी ताईला सगळं शिकवलं. गोळ्या ताटलीत घेऊन चपट्या पट्टीने पाच-पाच सरकवायच्या, बोट लावायचं नाही. बाटलीवरचं लेबल गिऱ्हाइकाच्या बाजूला वळवून द्यायचं. दुपारी दोन ते चार गर्दी ओसरायची, तेव्हा दोघं स्टुलांवर बसून दिवसभराच्या चिठ्ठ्या चाळायची. कुठल्या डॉक्टरांचं अक्षर कसं, कोण आकडे गिचमिड काढतं, कोणाची सही म्हणजे नुसती आडवी रेघ. मास्तर एकदा म्हणाले, "डॉक्टर नेहमी घाईत लिहितो. सावकाश लिहिलेली चिठ्ठी दिसली की सावध व्हायचं."

तिसऱ्या वर्षी ताईला तशी चिठ्ठी दिसली. वेदनाशामक गोळ्यांची. त्या गोळ्यांची सवय लागते, म्हणून त्यांच्या चिठ्ठ्या वेगळ्या फायलीत जपून ठेवाव्या लागत आणि गेलेल्या प्रत्येक गोळीचा हिशेब त्यांच्याशी जुळावा लागे. चिठ्ठी गावातल्या हाडांच्या डॉक्टरांची होती, पण सही इतकी जपून काढलेली की पेन प्रत्येक वळणावर थांबलेलं दिसत होतं. ताईने फाइल मागे उलटली. तशा आणखी अकरा निघाल्या. आणि प्रत्येकीवर सातच्या आकड्याला मधोमध एक बारीक आडवी रेघ होती. तसा सात त्या दुकानात एकच माणूस काढायचा, रोज, लेबलांवर.

ताई दोन दिवस जेवली नाही. आम्ही दोघी एकाच खोलीत झोपायचो, तरी तिने मला काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने फाइल मास्तरांपुढे ठेवली.

"मास्तर, या चिठ्ठ्या कोणी लिहिल्या?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "तुला कळलंय म्हणूनच विचारतेस ना?"

"हो."

"पाठ फार दुखते गं. चाळीस वर्षं उभा आहे इथे. आधी अर्धी गोळी घ्यायचो."

"आणि आता?"

मास्तरांनी फाइल मिटून बाजूला सरकवली.

"तुम्ही स्वतः जाऊन सांगा," ताई म्हणाली. "मी येते सोबत. नाहीतर मला सांगावं लागेल."

"आठ दिवस दे. बंद करतो."

तिने दिले. ते आठ दिवस देणं चूक होतं, असं ती आजही म्हणते. नवव्या दिवशी फायलीत तेरावी चिठ्ठी होती. ताई शेजारच्या पोस्टात गेली आणि तिथल्या फोनवरून तिने सरकारच्या अमली पदार्थविरोधी खात्याला कळवलं. घरी येऊन आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली, तेव्हा कुठे आम्हाला सगळं समजलं.

खात्यातून एक ठेंगणे, शांत साहेब आले. तीन दिवस ते मागच्या खोलीत बसून कागद वाचत होते. खटला उभा राहिला आणि ताईला साक्षीला बोलावलं. मास्तरांच्या वकिलांना तिचा अनुभव तोकडा ठरवायचा होता. त्यांनी विचारलं, "तुमची नोकरी जेमतेम तीन वर्षांची. खोटी चिठ्ठी ओळखायला तुम्हाला शिकवलं कोणी?"

ताईने मास्तरांकडे पाहिलं. "यांनीच," ती म्हणाली.

वकील आपले कागद चाळू लागले. मास्तर मात्र मान हलवत होते, बरोबर उत्तर आल्यावर हलवावी तशी. मी मागच्या बाकावर होते. ती मान मी विसरू शकत नाही.

न्यायाधीशांनी त्यांचा परवाना काढून घेतला. तुरुंगाऐवजी सक्तीच्या उपचारांना पाठवलं. दुकान सहा महिने बंद राहिलं. औषधासाठी लोकांना बसने पार दुसऱ्या टोकाला जावं लागे, आणि त्याचा राग सगळा ताईवर. आईला एका बाईंनी रस्त्यात अडवून विचारलं, "स्वतःचा बाप असता तर असं केलं असतं का तिने?" आई म्हणाली, "केलं असतं. म्हणून तर तिचा बाप नीट वागतो." घरी येऊन सांगितल्यावर बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या महिन्यांत घरात ऐकू आलेलं ते पहिलं हसू.

पुढे कधीतरी ठेंगण्या साहेबांचं पत्र आलं. खात्यात भरती होती. औषधांची माहिती असलेली माणसं त्यांना हवी होती. ताईने अर्ज केला. लेखी परीक्षा, मुलाखत, वैद्यकीय तपासणी सगळं निभावलं. घोडं अडलं धावण्यापाशी. अडीच किलोमीटर, ठरलेल्या वेळात. बस पकडण्यापलीकडे ताई आयुष्यात कधी धावली नव्हती.

मग रोज सकाळी ती शाळेच्या मैदानावर धावायची आणि शेजारून बाबा सायकलवर. "फूटपट्टी, वाकू नकोस. श्वास नाकाने घे." मी पायऱ्यांवर हातात घड्याळ घेऊन बसायचे, थंडीने कुडकुडत. पहिल्या दिवशी दुसऱ्याच फेरीत ती गवतावर आडवी झाली. चौथ्या महिन्यात बाबाच सायकलवर धापा टाकू लागले. आता वाटतं, आमच्या घरातले सगळ्यात सुखाचे दिवस तेच. तेव्हा मला फक्त झोप हवी असायची.

प्रशिक्षण पाच महिन्यांचं होतं. ताईची पत्रं यायची. "आज दार कसं ठोठावायचं ते शिकवलं. दीड तास. दारासमोर उभं राहायचं नाही, भिंतीला लागून बाजूला राहायचं." सुट्टीवर आली तेव्हा तिने आमचं दारही तसंच ठोठावलं. आईने उघडलं, समोर कोणी नाही, पुन्हा लावून घेतलं. तीनदा असं झालं. चौथ्यांदा आई लाटणं घेऊनच गेली.

पंचवीस वर्षांच्या नोकरीत ताईने पिस्तूल दोनदाच बाहेर काढलं. चालवलं एकदाही नाही. ती कागद वाचायची. एका मोठ्या गोदामातून गोळ्यांची खोकीच्या खोकी वाटेत गायब होत होती, ते तिने पावत्यांच्या ढिगात सात आठवडे बसून शोधून काढलं. सहकारी दमून चहाला जायचे, ही बसलेली.

मास्तरांना भेटायला तिला नऊ वर्षं लागली. ती गेली तेव्हा ते खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते. पाठीला पट्टा, गोळ्या पूर्ण सुटलेल्या.

"रागावलात?" ताईने विचारलं.

"चार वर्षं रागावलो होतो. मग कंटाळा आला," मास्तर म्हणाले. "बस. तुमच्या नव्या पोरांना चिठ्ठ्या वाचायला कोण शिकवतं?"

"मी."

"तुला कोणी खोटी लिहून दाखवायला आहे का?"

वरिष्ठांना पटवायला ताईला वर्ष लागलं. मग एके दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून मास्तर प्रशिक्षण केंद्राच्या वर्गात फळ्यासमोर उभे राहिले. समोर चाळीस नवे अधिकारी. "मी चोरून गोळ्या घेत होतो," त्यांनी सुरुवात केली, "आणि ते कसं लपवलं, हे आज मी तुम्हाला सांगणार आहे." पाठीमुळे त्यांना फार वेळ उभं राहवेना. ताईने खुर्ची पुढे सरकवली, ते बसले आणि बोलत राहिले.

सहा वर्षं ते दर हिवाळ्यात तिथे शिकवायला येत राहिले. सातव्या वर्षी ते गेले. त्यांच्या मुलाने ताईला कळवलं, घरच्या माणसाला कळवतात तसं, सगळ्यात आधी.