झोळीतली पावलं

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. ह्यांनासुद्धा नाही — आणि ह्यांना तर मी शेजारचं भांडणही मीठमसाला लावून सांगते. तुम्हाला सांगते. हसू आलं तर हसा, मलाही येतं.

माझा धाकटा भाऊ अरुण ओझरला कारखान्यात आहे. रक्तात साखर निघाली, डॉक्टर म्हणाले वजन उतरवा. पण आमचा अरुण कोपऱ्यावरच्या दुकानातही स्कूटरवर जाणारा! शेवटी त्याच्या मुलीने आम्हा दोघांच्या मोबाइलवर पावलं मोजणारं ॲप टाकलं आणि पैज लावून दिली. रविवारी आम्ही सगळे नाशिकला मिसळ खायला जमतो. आठवड्यात ज्याची पावलं कमी, त्याला त्या दिवशी नुसतं ताक.

समोर तर्री, आणि आपल्या हातात ताकाचा ग्लास — सहन होईल का हो? पहिल्या रविवारी मीच हरले. दुसऱ्याही.

तेव्हा नातू तान्हा होता, त्याची साडीची झोळी हलवायचं काम माझं. एका दुपारी — कसं सांगू? — मी मोबाइल झोळीच्या गाठीत खोचला. पलंगावर बसून पायाने दोरी ओढत होते, शेंगदाणे खात होते. नातू उठला तोवर मी तीन हजार पावलं चालले होते! पुढे त्याला दात येऊ लागले, पोर झोपेना. त्या आठवड्यात मी बसल्या जागी सिन्नरला जाऊन आले असेन.

एवढंच असतं तर आज गंमत म्हणून सांगितलं असतं. पण अरुण हट्टी. माझा आकडा बघून तो सुटीच्या दिवशी भर उन्हात, न जेवता चालायला निघाला आणि रस्त्यात चक्कर येऊन खाली बसला. एका रिक्षावाल्याने घरी आणून सोडलं. मी तातडीने गेले. सरबत पीत तो म्हणाला, "ताई, तू साठीत रोज बारा हजार चालती, मग मी काय घरी बसू? लाज वाटती ना."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलंही — आणि म्हणाले, "जेवून जात जा रे बाबा." मिसळीसाठी गप्प बसले का? नाही. त्याच्या डोळ्यांत माझं कौतुक होतं, ते सोडवेना. भित्री मी.

आता अरुण ठणठणीत आहे. शर्ट ढगळ झालेत, साखर आटोक्यात आहे. ताईमुळे झालं, असं गावभर सांगतो, आणि मी मान डोलावते. नातू चालायला लागला, झोळी सुटली, तशी माझी पावलंही थांबली. मोबाइल बिघडला, असं मी सांगून टाकलं.

यंदाच्या भाऊबीजेला त्याने माझ्या हातात एक खोकं ठेवलं. चालायचे बूट, चांगले महागातले.

"जुने झिजले असतील ना तुझे," म्हणाला.

मी घेतले. कपाटात आहेत. तळाला अजून मातीचा कण लागलेला नाही.